समान काम, समान शाल

पुण्यात खरी थंडी पडते जेमतेम दीड महिना, शाली मात्र बारा महिने खपतात. ऐन एप्रिलात लक्ष्मी रस्त्यावर शालींचे गठ्ठे उतरताना पाहून परगावचा माणूस चक्रावतो. त्याला वाटतं, ही सगळी मंडळी महाबळेश्वरला निघाली असावीत. त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवं की बाबा रे, या अंगावर घ्यायच्या शाली नव्हेत, या खांद्यावर टाकायच्या शाली आहेत. यांना ऊब नसली तरी चालते, फोटोत काठ दिसला पाहिजे. सत्कार समित्या त्या डझनाने उचलतात आणि मग खांदा शोधायला निघतात. या शहरात सहज सापडणारा आणि कधी नाही न म्हणणारा खांदा एकच, शिक्षकाचा.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. बाईंच्या कपाटाचा एक अख्खा खण सत्काराच्या शालींनी भरलेला आहे आणि जन्मभराच्या सवयीने बाईंनी त्यांच्या तुकड्या पाडल्या आहेत. अ तुकडीत लोकरीच्या, त्या दोनच. ब तुकडीत लोकरीसारख्या. क तुकडीत धुतल्यावर रंग सोडणाऱ्या, आणि पट सर्वांत मोठा याच तुकडीचा. "सत्काराला बोलावलं की मी फिकी साडी नेसत नाही," बाई सांगतात. "घामाने खांदा जांभळा होतो." एकदा त्यांनी एका ग्रंथपालांच्या निरोप समारंभात क तुकडीतली शाल पुढे सरकवली. दीडेक वर्षाने ती एका व्याख्यानमालेत त्यांच्याच खांद्यावर परत आली. कोपऱ्यातल्या इस्त्रीच्या डागावरून बाईंनी ओळखली. म्हणाल्या, "नापास होऊन त्याच वर्गात बसली."

सन्मानचिन्हांचं दुखणं वेगळं. शाल निदान पुढे देता येते, ॲक्रिलिकवर कोरलेलं स्वतःचं नाव कोणाला देणार? बाईंकडे एक 'आर्दश शिक्षीका' आहे. देणारी संस्था मातृभाषेच्या संवर्धनाचं काम करते. बाईंनी घरी आल्याआल्या लाल मार्करने रफार जागेवर नेला, दुसऱ्या वेलांटीची पहिली केली आणि मगच ते शोकेसमध्ये ठेवलं. नारळाबद्दल मात्र त्यांची तक्रार नाही. सबंध सत्कारातली ती एकच वस्तू, जिची दुसऱ्या दिवशी चटणी होते.

शिक्षकाला शाल देण्याची रीत पुण्यात काही आजची नाही. 1848 साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा गावाने शिक्षिकेचं जे स्वागत केलं त्यात शाल नव्हती, शेणगोळे होते. सावित्रीबाई शाळेत पोचल्यावर बदलायला दुसरं लुगडं बरोबर नेत. चार वर्षांत वारं थोडं फिरलं आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. मराठीत विरामचिन्हं आणण्याचं श्रेय याच कँडीसाहेबांना दिलं जातं. पुण्याने त्यांची शाल लगेच उचलली. पूर्णविराम मात्र सत्काराच्या भाषणांत अजून रुळलेला नाही.

शेण टाकणं थांबलं आणि शाली टाकणं सुरू झालं, ही प्रगतीच म्हणायची. दोन्हींत टाकणाऱ्याला खर्च फारसा येत नाही, एवढं एक साम्य राहिलं.

पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास एक पत्र बाहेर काढतात. आगरकरांनी आईला लिहिलं होतं की मुलाचं शिक्षण झालं, आता तो मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. पत्र थोरच आहे. शंभराहून अधिक वर्षं आपण त्यावर निबंध लिहितो आहोत. आईच्या बाजूने निबंध लिहा, असं मात्र कुठल्याही प्रश्नपत्रिकेत आलेलं नाही.

जानेवारी 1880 मध्ये चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, आगरकर पाठोपाठ आले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांनी थोडक्या पगारावर वर्षानुवर्षं शिकवायचं असा दंडक होता, आणि गोखल्यांसारखा माणूस महिना 75 रुपयांवर वीस वर्षं राहिला. इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. यापुढचं पाठ्यपुस्तक हळूच झाकतं. ही सगळी ऋषितुल्य मंडळी पगाराबद्दल भरपूर बोलत. नुसती बोलत नसत, कडाकडा भांडत. संसार वाढतो आहे, एवढ्यात भागत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. पगार वाढवायचा नाही आणि बाहेरची कमाईही कोणी करायची नाही, असं टिळकांचं. मतभेद इतरही होते, पण या वादाची त्यांत मोठी भर होती, आणि 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे देशाच्या राजकारणाला जे वळण लागलं, त्याच्या मुळाशी थोडासा एका पुणेरी स्टाफरूममधला पगाराचा तंटा आहे. 'शिक्षकाने पैशाची भाषा करू नये' असं यापुढे कोणी म्हणालं तर त्याला खुशाल सांगावं, ही भाषा लोकमान्यांनाही चांगली येत होती.

फरक असलाच तर एक. थोडक्या पगारावर शिकवायची शपथ त्यांनी स्वतःच्या नावाने घेतली होती. आपण दुसऱ्याच्या नावाने घेतो.

आमच्या मावसभावाची बायको एम. एससी., बी. एड. आहे. ती एका शाळेत मुलाखतीला गेली. शाळा कोणती ते विचारू नका, एकीचं नाव घेतलं तर बाकीच्यांना डावलल्यासारखं होईल. अध्यक्षांनी आधी गुरुपरंपरा सांगितली, मग आगरकरांचं पत्र सांगितलं, मग घसा खाकरून आकडा सांगितला. आकडा ऐकून तिला जन्मात पहिल्यांदा आगरकरांच्या आईची आठवण झाली. "सही थोड्या मोठ्या आकड्यावर करावी लागेल," अध्यक्ष म्हणाले, "वरची रक्कम संस्थेच्या विकासाला जाते." ती बाहेर आली तेव्हा पोर्चमध्ये संस्थेचा विकास उभा होता, पांढऱ्या रंगाचा, सात आसनी.

कायदा नाही असं नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आहे, नियमावली 1981 ची. त्याप्रमाणे विनाअनुदानित शाळेनेही ठरलेल्या श्रेणीनुसार पगार द्यायचा असतो. कायद्याची प्रत शाळेच्या कपाटात सुखरूप असते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते कायम मीटिंगला गेलेले असतात.

अनुदानाची तऱ्हा तर त्याहून सुरस. 2001 पासून सरकारने 'कायम विनाअनुदानित' या बोलीवर शाळा दिल्या. 2009 मध्ये त्यातला 'कायम' काढून टाकला. पेढे वाटून झाल्यावर शिक्षकांच्या लक्षात आलं की शब्द गेला, परिस्थिती तिथेच आहे. पुढे अनुदान आलं ते टप्प्याटप्प्याने, आधी वीस टक्के, मग चाळीस, मग साठ, आणि एकेका टप्प्यासाठी आझाद मैदानावर पावसात बसायचं. वधूवर सूचक मंडळांत यातून नवीन घोटाळे होतात.

"मुलगा शिक्षक आहे आमचा."

"वा! किती टक्के?"

"सध्या चाळीस."

"दहावीला?"

"नाही, पगाराला."

इथे वाचकांपैकी एक जण हात वर करणार, 'अहो, पण शिक्षकांना आता भरपूर पगार आहेत, शिवाय मे महिन्याची सुट्टी.' बरोबर आहे. पूर्ण अनुदानित शाळेत कायम झालेल्या शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाने बरे दिवस दाखवले आहेत. तो फ्लॅटचा हप्ता भरतो, आणि भरावाच त्याने. गंमत अशी की त्याच स्टाफरूममध्ये, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तोच विषय तितकेच तास शिकवणाऱ्या दुसऱ्या बाई बसतात आणि याच्या एका पगारात त्यांचे चार पगार बसतात. डबा दोघं वाटून खातात. समान कामाला समान वेतन, हे तत्त्व नागरिकशास्त्राच्या तासाला दोघंही तितक्याच तळमळीने शिकवतात. 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनी, मात्र भेदभाव नाही. दोघांना एकाच गठ्ठ्यातली शाल मिळते.

त्या समारंभाचंही एक शास्त्र आहे. कार्यक्रम साडेपाचचा असतो, प्रमुख पाहुणे सव्वासातला येतात. फ्लेक्सवर माननीयांचा चेहरा तीन फुटी आणि सत्कारमूर्ती तळाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. दीपप्रज्वलन, वाऱ्याने विझलेल्या वाती पुन्हा पेटवणं, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांनी स्वतःच करून दिलेला पुरवणी परिचय, असं सगळं झाल्यावर निवेदिका पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दोन मिनिटांत मनोगत उरकायला सांगते. शाळांमध्ये त्या दिवशी दहावीची मुलं-मुली एक दिवसाचे शिक्षक होतात. साड्या सावरत, खडू मोडत दिवसभर घसा फोडतात आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी जातात. व्यवसायाचं इतकं वास्तव दर्शन दुसऱ्या कुठल्याही उपक्रमात होत नसेल.

शिक्षक व्हायचं म्हणजे आता सोपं राहिलेलं नाही. डी. एड. किंवा बी. एड. करा, मग टीईटी द्या, मग टेट द्या (या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, मुद्रणदोष नव्हे), मग भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव येण्याची वाट बघा. एवढं पार पडलं की शिक्षक होता येत नाही, शिक्षणसेवक होता येतं. ही योजना राज्यात 2000 साली आली. काम पूर्ण शिक्षकाचं, मुदत तीन वर्षं, मानधन प्राथमिक शाळेत महिना 3000. वाढत वाढत ते जानेवारी 2023 पासून 16000 झालं, माध्यमिकला 18000. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी ड्रायव्हर पाहिजे अशी जाहिरात आली, पगार 22 हजार, रविवारी सुट्टी. ड्रायव्हरला तेवढे मिळायलाच हवेत, पुण्याच्या रस्त्यांवर गाडी चालवतो तो माणूस. पण त्याला कोणी हे काम सेवाभावाने करा असं म्हणत नाही, आणि सिग्नलला थांबल्यावर आगरकर वाचून दाखवत नाही.

सिनिअर कॉलेजात पोचलेले सुटले असंही नाही. नेट, सेट, पीएच. डी. झालेली माणसं तिथे 'सीएचबी'वर, म्हणजे तासिका तत्त्वावर असतात. वेळापत्रकातला तास 48 मिनिटांचा, पैसे मात्र घड्याळी साठ मिनिटांना. पाच तास शिकवा, चारांचे पैसे घ्या. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीत चारावर एक फुकट लागतं ना, तेच. फक्त इथे फुकट द्यायचा सदरा प्राध्यापकाचा.

म्हणून शिक्षणात पैसाच नाही असंही कोणी समजू नये. डिसेंबर 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतल्या, म्हणजे त्याच टीईटीतल्या, गैरव्यवहाराच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक केली आणि लाखोंची रोकड जप्त केली. पैसा आहे. वर्गापर्यंत पोचायला त्याला उशीर होतो, इतकंच.

आणि सरकारला शिक्षकांबद्दल आदर नाही असं तर मुळीच म्हणू नये. आदर उतू चालला आहे, तो फक्त परिपत्रकांतून सांडतो. नोव्हेंबर 2016 मध्ये आदेश निघाला की शिक्षकांनी विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून तो सरकारी संकेतस्थळावर चढवावा. ओरड झाल्यावर तो गुंडाळला. 2022 मध्ये 'आपले गुरुजी' आले. वर्गात गुरुजींचा ए-फोर आकाराचा रंगीत फोटो लावायचा, म्हणजे खरे गुरुजी कोण ते कळेल. भिंतीवरच्या फोटोला हार घालायची आपली सवय लक्षात घेता, स्वतःच्याच फोटोखाली उभं राहून अपूर्णांक शिकवायला केवढं मनोधैर्य लागत असेल! मार्च 2024 मध्ये जीन्स आणि टी-शर्ट घालून वर्गात यायचं नाही असं ठरलं, आणि त्याच कागदात भरपाईही होती. डॉक्टरांचं 'डॉ.', वकिलांचं 'ॲड.', तसं शिक्षकांनी नावाआधी 'टि' लावावं. मी मोठ्या उत्साहाने ही बातमी बाईंना दाखवली. बाईंनी चष्मा वर केला. "एकाक्षरी शब्द," म्हणाल्या, "दीर्घ हवा."

सेल्फी, फोटो, 'टि'. तिन्हींमध्ये तिजोरीची कडी वाजत नाही, हे कोणाच्याही ध्यानात येईल. शिवाय शिक्षक हे सरकारचं हाताशी असलेलं मनुष्यबळ. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बाहेरची कामं द्यायची नाहीत. तरी जानेवारी 2024 मध्ये मराठा सर्वेक्षणासाठी ते घरोघर फिरत होतेच. पुण्यात दुपारी दीडला परक्या दाराची बेल वाजवायची, आणि वर घरात माणसं किती, छप्पर कशाचं, असं विचारायचं! या धाडसाचा भत्ता कुठल्याच वेतन आयोगाला सुचलेला नाही.

शिक्षकाच्या हातात मोठी रक्कम पाहायची आपल्याला सवय नाही, हे 2020 मध्ये नीटच कळलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या घरात. त्यांनी त्यातले अर्धे अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटण्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं. आमच्या कट्ट्यावर आठवडाभर त्यांची शिकवण्याची पद्धत, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड वगैरेंबद्दल कोणी बोललंच नाही. एकच चर्चा, अर्धे का दिले? पुढे 2022 मध्ये याच गुरुजींना फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा हवी होती. तो अर्ज इतका गाजला की शेवटी शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. महाराष्ट्रात शिक्षकाला सात कोटी मिळू शकतात. रजेचं सांगता येत नाही.

मी एकदा बाईंना विचारलं, एवढ्या सत्कारांत तुम्हाला मनापासून आवडलेला कोणता? मला वाटलं, एखाद्या आयएएस झालेल्या विद्यार्थ्याची गोष्ट येणार. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "माझे पेन्शनचे कागद एका फेरीत झाले. खिडकीतल्या त्या क्लार्कचं नाव मला अजून पाठ आहे."

"तुमचा विद्यार्थी होता?"

"छे. वाचून बघितलंन आणि सही घेतलीन."

पालकांच्या हातातही असं काहीतरी असतं, आणि ते गुलाबाच्या फुलापेक्षा बरंच मोठं आहे. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीसाठी 2011 चा कायदा आहे. त्याप्रमाणे फी ठरवताना शिक्षकांचे पगारही विचारात घ्यायचे असतात, आणि फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. म्हणजे आपण लाखभर भरतो त्यातलं वर्गातल्या बाईंपर्यंत किती जातं, हे विचारायची सोय पालकाला चक्क कायद्याने करून दिली आहे. ही सोय वापरणारा माणूस मी एकदाच पाहिला. कोथरूडकडची एक शाळा, ऑगस्टमधली सभा. एक बारीकसे गृहस्थ उठले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वर्गशिक्षिकांना पगार किती असतो, ते पत्रकात दिसत नाहीये."

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मुख्याध्यापिकांनी पाण्याचा घोट घेतला.

"तसं पर्सनल विषयात आपण जायला नको," पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला.

"पगार वाढवले तर फी वाढेल ना मग?" एका आईने विचारलं, आणि सभागृहातली सहानुभूती जागच्या जागी बसली.

"सूचना चांगली आहे, नोंदवून घेऊ," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुढचा विषय, शिक्षक दिनाची भेट."

मग सभेत खरी जान आली. माणशी दीडशे वर्गणी ठरली. कप द्यावा की पाण्याची बाटली यावर दोन गट पडले. कपावर 'बेस्ट टीचर' छापता येतं, असा एका गटाचा मुद्दा होता. कप घरी आहेतच सगळ्यांकडे, असा दुसऱ्याचा. बाटली स्टीलची की तांब्याची, तांब्याची असल्यास चिंचेने घासावी लागते त्याचं काय, इथपर्यंत चर्चा गेली.

कायद्याने या समितीचं सचिवपद शिक्षकाकडेच असतं, इथे ते एका शिक्षिकेकडे होतं. टेबलाच्या कडेला बसून त्या वळणदार अक्षरात इतिवृत्त लिहीत होत्या. सभा संपल्यावर सह्या करताना मी ते वाचलं. विषय क्रमांक 3, शिक्षकांचे वेतन: पुढील सभेत घ्यावा. विषय क्रमांक 4, शिक्षक दिन: स्टीलची बाटली, बहुमताने मंजूर, रंगाबाबत ग्रुपवर मतदान घ्यावे.